गृहयंत्र-विचार : कार्यसूचीचें कुलूप

संगणक मधूनच हटून बसला कीं, घरांतील मंडळी बटन दाबून यंत्रच बंद करून टाकतात. हा उपाय शेवटचा होय, पहिला नव्हे. विंडोज-प्रणालींत याकरितांच 'टास्क मॅनेजर' हें साधन दिलेलें असतें. मायक्रोसॉफ्टमधील अभियंते डेव्ह प्लमर यांनीं तें प्रथम रचिलें व १९९६ मध्यें 'विंडोज एन्. टी. ४.०' बरोबर तें लोकांच्या हातीं आलें.

कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबिल्या म्हणजे चालू कार्यांची यादी पुढें येते. कोणतें कार्य किती मेमरी व्यापतें, प्रोसेसरवर किती भार टाकतें, हें आंकड्यांत दिसतें. अडलेलें कार्य निवडून 'एन्ड टास्क' दाबावें. इतर कामें सहसा अबाधित राहतात. मात्र त्या कार्यांतील जतन न केलेला मजकूर जातो. आणि ज्या नांवाचा अर्थ कळत नाहीं त्यास हात लावूं नये.

पण ही यादीच उघडेनाशी झाली तर? 'व्यवस्थापकानें टास्क मॅनेजर बंद केला आहे,' अशा अर्थाची सूचना येते. अशा वेळीं कुलूप फोडण्यापूर्वीं तें लाविलें कोणीं हें पाहावें. यंत्र कचेरीचें असेल, तर तेथील चालकांस विचारल्यावांचून कांहीं करूं नये. घरांतील जाणत्यानें मुलांच्या खात्यावर लाविलें असेल, तर त्याच्याशीं बोलावें. कोणींच लाविलें नसेल, तर मात्र सावध व्हावें. कित्येक अपायकारक प्रोग्रॅम आपण सांपडूं नये म्हणून ही यादीच बंद करून ठेवितात. आजोबांचें पेन्शन, सुनेची नोकरी व मुलांचा अभ्यास ज्या एका यंत्रावर चालतो, तेथें ही खूण क्षुल्लक नव्हे. त्यावरील बँकेचे व्यवहार तूर्त थांबवावे आणि 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर'कडून संपूर्ण, शक्य तर 'ऑफलाइन', तपासणी करावी. आधीं चोर, मग कुलूप. क्रम उलटा झाल्यास चोर तें पुन्हां लावितो.

नंतर व्यवस्थापकाचे अधिकार असलेल्या माणसानें विंडोज व 'आर' या कळा दाबून 'रेजएडिट' हा शब्द रोमन लिपींत लिहावा. उघडलेल्या नोंदवहीची 'एक्स्पोर्ट'नें प्रत ठेवून 'करंट यूजर', 'सॉफ्टवेअर', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'करंट व्हर्शन', 'पॉलिसीज', 'सिस्टीम' या क्रमानें आंत जावें. तेथें 'डिसेबल टास्क मॅनेजर' या अर्थाची, संक्षिप्त नांवाची नोंद असेल; तिची किंमत १ असल्यास ० करावी. 'प्रो' आवृत्तींत हेंच काम 'ग्रूप पॉलिसी'तील 'रिमूव्ह टास्क मॅनेजर' हा नियम 'नॉट कॉन्फिगर्ड' केल्यानेंहि साधतें. 'होम' आवृत्तींत तो संपादक नसतो.

प्रत्येकाचें खातें निराळें असावें, व व्यवस्थापकाचा अधिकार एखाद्या समंजस व्यक्तीकडे असावा. कोठीच्या किल्ल्या घरांत कोणाकडे असतात हें सर्वांस ठाऊक असतें, संगणकाच्याहि असाव्या.