पीटीचा तास वाचवू या

नांदेड-लातुरात शाळेचं वेळापत्रक कितीदाही बदललं तरी कात्री एकाच तासावर चालते. पीटीच्या. गणिताचा पोर्शन मागे पडलाय, विज्ञानाची चाचणी आहे, मैदानात चिखल आहे, नाहीतर तिथं कुणाच्या तरी लग्नाचा मंडप पडलाय. कारणं बदलतात, तास तोच जातो. पूर्वी हे दहावीत व्हायचं. आता सहावीपासून फाउंडेशनचा क्लास लागतो. शाळा, क्लास, गृहपाठ, आणि मधे ऑटोत बसल्या बसल्या पाच रुपयांचं चिप्सचं पाकीट. आपली पोरं दिवसभरात धावतात कधी?

लठ्ठपणा म्हणजे मुंबई-पुण्याच्या श्रीमंत घरांचा आजार, ही समजूत आता सोडू या. आपल्याकडं कुपोषण अजून आहेच. पण त्याच वर्गात, कधी त्याच घरात, दुसरं टोकही दिसू लागलंय. देशात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत 2.1 टक्के होतं. 2019-21च्या पाचव्या फेरीत ते 3.4 टक्के झालं. युनिसेफनं सप्टेंबर 2025मध्ये सांगितलं की जगात 5 ते 19 वयाच्या मुलांत लठ्ठ मुलं पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झाली आहेत.

घरात आजी म्हणते, "खात्यापित्या घरचं लेकरू आहे, मोठं झालं की उतरेल." प्रेमच आहे ते. पण बहुतेकदा ते उतरत नाही, आणि आजोबांच्या गोळ्यांच्या डब्यातले मधुमेह, रक्तदाब भर तारुण्यात दारात येतात.

लातूर पॅटर्नचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावाच. शेतकऱ्यांची, मजुरांची पोरं त्यातून डॉक्टर झाली. लातूरचा ट्यूशन एरिया, नांदेडचं बाबानगर-भाग्यनगर, इथं राज्यभरातून मुलं येतात. मेहनत हे त्या पॅटर्नचं मूळ. दहा वर्षांच्या पोराला बारा तास बाकावर बसवा, असं त्यात कुठंही नव्हतं; ते आपण मागाहून जोडलं. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटं अंग घामेजेल अशी हालचाल सांगते. शाळेनं दिली नाही तर क्लासमागं पळणाऱ्या मुलाला ही साठ मिनिटं कुठं मिळणार?

शाळेतून हे जमतं का? जमतं. उत्तर फ्रान्समधल्या फ्लरबे आणि लाव्हांती या दोन छोट्या गावांनी 1992 साली शाळांमधून आहाराचे धडे सुरू केले. नुसत्या धड्यांनी वजनं हलली नाहीत. पुढं पालक, डॉक्टर, दुकानदार, नगरपालिका सगळे उतरले, मैदानं झाली, तेव्हा फरक पडला. 2004 साली तिथं जादा वजनाची मुलं 8.8 टक्के होती, तुलनेच्या दोन गावांत 17.8 टक्के. उलट सिंगापूरनं 1992पासून जाड मुलांनाच वेगळं काढून व्यायामाला लावलं. बाकीची मुलं त्यांना चिडवू लागली, आणि 2007मध्ये ती योजना गुंडाळावी लागली. म्हणून एक पथ्य आपण सगळ्यांनी पाळू या: वजन सगळ्या वर्गासमोर करायचं नाही, "ढोल्या" म्हणायचं नाही, आणि खेळ सगळ्यांसाठी ठेवायचा.

नियम तर आपल्या बाजूनंच आहेत. शाळेच्या उपाहारगृहात आणि आवारापासून 50 मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकायला 2020च्या केंद्रीय अन्न सुरक्षा नियमांनी मनाई केली आहे. राज्यानं तर 2017मध्येच उपाहारगृहातल्या जंक फूडवर बंदी घातली होती. पण नियम हातात घेऊन गेटवरच्या गाडीवाल्या मावशींना हुसकावू नका. त्यांच्याशी बोलू या. उकडलेल्या शेंगा, फुटाणे, बोरं, पेरू त्यांनी ठेवले आणि आपण घेतले, तर त्यांचंही पोट चालेल. येळवशीला शेतात आंबील, भज्जी, भाकरी पोटभर खाणारी माणसं आपण. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटऐवजी शेंगदाण्याचे लाडू वाटायला आपल्याला जड का जावं?

खेळाला पैसाही फारसा लागत नाही. खो-खोला दोन खांब आणि चुन्याची रेघ पुरते. जानेवारी 2025मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला. कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली, आपल्याच मराठवाड्याची. बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत पीटीचे वेगळे शिक्षक नाहीत, हे खरं. पण पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी रोज पहाटे गावोगाव धावत असतात. आठवड्यातून एक सकाळ त्यांनी शाळेला दिली तर? पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार आहेच, त्यात हे सहज बसेल. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात खेळ सकाळी सातला घ्या, पण रद्द करू नका.

आणि सगळ्यात मोठं हत्यार आपल्याच हातात आहे. शिक्षण हक्क कायद्यानं मैदान हा शाळेचा निकष ठरवलाय, आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे आपणच. पुढच्या बैठकीत एवढे विषय मांडू या: पीटीचा तास दुसऱ्या कुठल्याही विषयाला द्यायचा नाही, शाळेचं मैदान शाळेच्या वेळेत मंडपाला, गाड्यांना द्यायचं नाही, बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं की प्रत्येक मुलाची उंची-वजनाची नोंद फक्त त्याच्या पालकांना कळवायची. क्लासचालकांनाही भेटू या. तेही आईबाप आहेत. संध्याकाळी पाच ते सहा एकही बॅच नको, ही मागणी त्यांना पटू शकते. खासगी शाळेत असाल तर पालक-शिक्षक संघात हेच मांडा. दोघं-तिघं पालक मिळून जा, ठराव लेखी घ्या, आणि पुढच्या महिन्यात तो तास खरंच होतोय का, हे मैदानावर जाऊन पाहा.