पुरुषाच्या टाचेने कोणाचे नाक कापले जाते?

या महाराष्ट्रात निषेधाची एक रीत वर्षानुवर्षे चालत आली आहे. कामचुकार अधिकाऱ्याच्या टेबलावर हिरव्या बांगड्या ओतायच्या, कचखाऊ मंत्र्याला साडी-चोळीचा आहेर धाडायचा आणि त्याची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी छापून आणायची. मोर्चात बायकाही असतात. बांगड्या बहुधा त्यांच्याच हातून दिल्या जातात. आपल्याच मनगटावरचा अलंकार आपण शिवी म्हणून फेकतो आहोत, हे त्यांच्याही ध्यानात येत नाही. बाईपण म्हणजे मानहानी, हे विष समाजाच्या अंगात इतके भिनले आहे. आजचा आमचा विषय उंच टाचांचे सँडल घालणाऱ्या पुरुषांचा आहे आणि त्याचे मूळ त्या बांगड्यांत आहे, म्हणून तो आम्ही अग्रलेखाच्या जागी मांडत आहोत.

असे पुरुष आहेत. या शहरात आहेत, तुमच्या सोसायटीत असतील, तुमच्या घरातही असतील. त्यांना नाटकात काम करायचे नाही, कोणाला हसवायचे नाही, कोणाला खिजवायचे नाही. त्यांना टाचा आवडतात, एवढेच. पाठ ताठ होते, पोटरी रेखीव दिसते, चालीला ठेका येतो, आरशातला माणूस स्वतःला बरा वाटतो. एखाद्या तरुणीला नवा जोड पायात चढवताना जे सुख होते, तेच हे सुख. ती मात्र तो जोड घालून लग्नाला जाते, आणि हा दाराला कडी लावून, पडदे ओढून, खालच्या मजल्यावर आवाज जाऊ नये म्हणून सतरंजीवर चार पावले टाकतो. मग तो जोड जुन्या सुटकेसमध्ये, कपड्यांच्या तळाशी जातो. चोरीचा माल लपवावा तसा एक सज्जन, कमावता, कर भरणारा नागरिक स्वतःच्या पैशाने घेतलेले पायताण लपवतो! त्याने चोरले काय? कोणाचे बिघडवले काय?

तो जर बाहेर पडलाच, तर काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. नाक्यावर शिट्ट्या वाजतात. मोबाईल वर होतात आणि तासाभरात त्याची चित्रफीत शेकडो गटांवर फिरते. लोकलच्या डब्यात धक्के बसतात. कार्यालयात साहेब आत बोलावून 'आपल्या कंपनीची प्रतिमा' समजावतात. घरी आई रडते, बाप बोलणे टाकतो, आणि लग्नाचे वय असेल तर मध्यस्थ दाराशी फिरकत नाही. जर्मनीत राहणारा मार्क ब्रायन हा अमेरिकी अभियंता स्कर्ट आणि उंच टाचा घालून खुशाल कामावर जातो. तो विवाहित आहे, मुलाबाळांचा बाप आहे, आणि आपण स्त्री आहोत असे त्याचे म्हणणे नाही. त्याला जे रस्त्यावर करता येते ते इथल्या माणसाला कडीबंद खोलीत करावे लागते.

टाच ही बाईचीच वस्तू, असे छातीठोक सांगणाऱ्यांनी आधी इतिहास वाचावा. युरोपात उंच टाच नेली ती घोडेस्वाराच्या पायाने. इराणी स्वार रिकिबीत उभा राहून बाण सोडी. त्या धावपळीत पाय रिकिबीतून निसटू नये म्हणून त्याच्या जोड्याला टाच असे. १५९९ मध्ये शाह अब्बासने आपले वकील युरोपच्या दरबारांकडे रवाना केले. पुढे इराणी पद्धतीची ही टाच तिकडच्या सरदारांनी हौसेने उचलली, कारण तिच्यात त्यांना रग दिसली, पौरुष दिसले. फ्रान्सचा चौदावा लुई उंचीने बेताचा होता. त्याने टाचा लाल रंगवून घेतल्या, आणि १६७० च्या दशकात त्या लाल टाचेचा मान दरबारी मंडळींपुरता राखून ठेवला. इयासिंत रिगोने १७०१ मध्ये रंगवलेले त्याचे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही पाहता येते : अंगावर राजवस्त्र, कमरेला तलवार, पायांत पांढरे मोजे आणि लाल टाचा. या राजाच्या फौजांनी अर्धशतकभर युरोपची झोप उडवली होती. त्याच्या मर्दुमकीविषयी शंका घेण्याची कोणाची छाती झाली नाही.

आणि बायकांच्या पायात टाच कशी आली? सतराव्या शतकात युरोपातल्या फॅशनवाल्या स्त्रियांनी केस आखूड केले, पुरुषी टोप्या घातल्या, चिलीम ओढली आणि त्याच ओघात टाचही घेतली. पुरुषांसारखे दिसावे म्हणून घेतली! अठराव्या शतकाच्या मध्याला पुरुषांनी ती टाकून दिली, स्त्रियांकडे ती राहिली, आणि राहिली म्हणून ती 'बायकी' ठरली. आज ज्या बारीक, खिळ्यासारख्या टाचेकडे पाहून लोकांना संस्कृतीची आठवण होते, ती तर १९५० च्या दशकातली आहे. आत पोलादी कांब घालता आली म्हणून ती शक्य झाली. आपल्या आजोबांपेक्षा वयाने लहान असलेल्या वस्तूला सनातन धर्माचा दाखला लावणाऱ्यांना आम्ही काय म्हणावे?

युरोप दूर राहिला. घरातला १९७० च्या दशकातला अल्बम काढा. बेलबॉटम घातलेला, मानेवर केस रुळणारा तो काका पाहा, आणि त्याच्या बुटांची टाच मोजा. दोन इंचांहून कमी भरणार नाही. त्या काकाचे लग्न झाले, संसार झाला, आज तोच पुतण्याला मर्यादेचे धडे देतो. आणि आजच्या बाजारात काय विकले जाते? आतून उंची वाढवणारे बूट. बाहेरून सरळ साधे, आत दोन-तीन इंचांची टाच. नायिकेच्या शेजारी नायक बुटका दिसू नये म्हणून सिनेमावाले काय काय युक्त्या करतात, हे त्या धंद्यातले सगळे जाणतात. म्हणजे पुरुषाच्या पायाखाली टाच समाजाला चालते. ती लपलेली असली की चालते, उंचीचे खोटे सांगण्यासाठी असली की चालते. ती उघडी असेल, सुंदर असेल आणि 'मला आवडते म्हणून घातली' असे तो पुरुष सांगत असेल, तेव्हा मात्र समाज खवळतो. खोट्याला मुजरा आणि खऱ्याला दगड, ही कसली नीती?

बालगंधर्वांच्या महाराष्ट्राने तरी हे करू नये. नारायण श्रीपाद राजहंस या पुरुषाने रंगभूमीवर शालू नेसला, नथ घातली, गजरा माळला, आणि घरंदाज स्त्रियांनी त्यांच्याकडे पाहून आपल्या नेसण्याची तऱ्हा बदलली. पुणे शहराने आपल्या रंगमंदिराला त्यांचे नाव दिले. हे सारे आम्ही अभिमानाने मिरवतो. पण त्याच महाराष्ट्राने गणपत पाटील यांचे काय केले? तमाशापटांत नाच्याची भूमिका त्यांनी जीव ओतून केली, आणि लोकांनी पडद्यावरचा नाच्या त्यांच्या खऱ्या आयुष्यावर लादून त्यांना हिणवले. दोघेही कलावंत, दोघेही संसारी पुरुष. एकाची पालखी निघाली आणि दुसऱ्याच्या घरादाराला टोमणे मिळाले. आम्हाला यात एकच फरक दिसतो. गंधर्वांचे स्त्रीरूप राणीचे होते, रंगमंचाच्या चौकटीत होते, पडदा पडला की संपत होते. पाटलांच्या नाच्यात मात्र लोकांना शेजारच्या गल्लीतला माणूस दिसला. तो माणूस कोणालाच नको होता. आज टाचांच्या सँडलमध्ये भाजी आणायला निघालेला पुरुष म्हणजे नेमका तोच माणूस.

'हे आपल्या संस्कृतीत बसत नाही' असे म्हणणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. पुरुषाने बाईचा पोशाख करून रस्त्यावर येणे हा गुन्हा आहे, असे या देशात कायद्याच्या पुस्तकात लिहिले ते इंग्रजांनी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग काढून वाचा. ज्यांची 'हिजडे' म्हणून सरकारदरबारी नोंद केली, ते स्त्रीवेशात वा दागिने घालून सार्वजनिक जागी दिसले, तर वॉरंटवाचून अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद! उत्तर हिंदुस्थानात हा कायदा आधी लागू झाला. ज्या भूमीत अर्धनारीनटेश्वराची पूजा होते, जिथे मोहिनीच्या रूपातल्या विष्णूची कथा देवळात सांगतात, तिथे हा धाक साहेबाने आणला. साहेब गेला, कायदा गेला, आणि साहेबाची छडी आम्ही स्वतःच्या हातात घेऊन तिला संस्कृती म्हणू लागलो.

पायताणाचा इतिहास तर आमच्या स्त्रियांनी रक्ताने लिहिला आहे. एकोणिसाव्या शतकात पायात बूट घालणे आणि हातात छत्री धरणे हा पुरुषाचा अधिकार होता. काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी बूट घालून, छत्री घेऊन बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्यावर दगड आले, अशी नोंद स्त्रियांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी करून ठेवली आहे. तेव्हाचा आरोप होता, बाई पुरुषाची वस्तू घालते. आजचा आरोप आहे, पुरुष बाईची वस्तू घालतो. पण दोन आरोपांत एक भयंकर अंतर आहे. बाईने बूट घातला तेव्हा समाज चिडला, कारण ती वर चढू पाहत होती. पुरुषाने सँडल घातले की समाज हसतो, कारण त्याच्या मते हा खाली उतरतो आहे. त्या हसण्यात प्रत्येक आईची, बहिणीची, मुलीची किंमत ठरवलेली आहे, आणि ती किंमत कमी आहे. म्हणून आम्ही म्हणतो की हा मूठभर हौशी पुरुषांचा प्रश्न नाही. ज्या दिवशी बाईसारखे दिसण्यात पुरुषाला कमीपणा वाटणार नाही, त्या दिवशी बाई असण्यातला कमीपणा संपेल. स्त्रीमुक्तीच्या सभांत भाषणे करणाऱ्या आमच्या मित्रांनी आणि मैत्रिणींनी या पुरुषांकडे पाठ फिरवू नये. ही लढाई त्यांचीच आहे.

'देशापुढे शेतकऱ्यांच्या आत्महत्या आहेत, बेकारी आहे, आणि तुम्ही सँडलांवर अग्रलेख लिहिता?' असे पत्र आम्हाला येणार, हे दिसतेच आहे. आगरकरांनी स्त्रियांनी जाकीट घालावे म्हणून लेखणी झिजवली तेव्हा त्यांनाही हेच ऐकावे लागले होते. पुणेकरांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. माणसाने काय घालावे यावर समाजाचा पहारा असला की काय बोलावे, कोणाशी लग्न करावे, कोणाच्या विहिरीवर पाणी भरावे यावरही तोच पहारा बसतो. याच गावांनी दलितांना सवर्णांच्या आळीतून पायताण हातात धरून चालायला लावले होते. पायातल्या वस्तूवरून माणसाची जागा ठरवणाऱ्या या समाजाने 'सँडलांचा प्रश्न क्षुल्लक' असे म्हणू नये.

टाचांनी पायाला अपाय होतो, हे खरे आहे आणि ते आम्ही लपवणार नाही. सगळा भार चवड्यावर येतो, रोज घातल्यास टाचेमागची शीर आखडते, गुडघा आणि कंबर तक्रार करतात. पण हा अपाय बायका पिढ्यान्‌पिढ्या सोसत आहेत तेव्हा हा कळवळा कुठे होता? लंडनमध्ये २०१५ साली निकोला थॉर्प या तरुणीला सपाट बूट घातले म्हणून कामाच्या पहिल्याच दिवशी घरी पाठवले. तिच्या अर्जावर दीड लाखांवर लोकांच्या सह्या झाल्या तेव्हा ब्रिटिश संसदेला चर्चा करावी लागली. फिलिपिन्सने २०१७ मध्ये कर्मचारी स्त्रियांवर टाचांची सक्ती करण्यास बंदी घातली. जपानमध्ये २०१९ मध्ये युमी इशिकावाने याच सक्तीविरुद्ध मोहीम उभारली. बाईला टाचा सक्तीच्या आणि पुरुषाला निषिद्ध! ही सक्ती मोडा आणि ती बंदीही मोडा. अपायाचे काय करायचे ते ज्याचे पाय त्याला ठरवू द्या.

कायदा स्पष्ट आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी 'नाल्सा' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोशाख, बोलणे, वागणे यांतून आपली लिंगओळख व्यक्त करण्याला राज्यघटनेच्या १९व्या कलमाचे संरक्षण दिले. टाचा घालणारा पुरुष तृतीयपंथी असेल, समलिंगी असेल किंवा बायकोवर जीव टाकणारा नवरा असेल. तो कोण आहे हे विचारण्याचा अधिकार नाक्यावरच्या टोळक्याला नाही आणि कंपनीच्या साहेबालाही नाही.

तेव्हा आमच्या मागण्या ऐका. कंपन्यांनी आणि महाविद्यालयांनी पोशाखाच्या नियमांत 'पुरुषांसाठी' आणि 'स्त्रियांसाठी' असे दोन रकाने ठेवू नयेत. कामाला धोका होईल तेवढेच वर्ज्य करावे आणि ते सर्वांना वर्ज्य करावे. पोलिसांनी रस्त्यात अडवलेल्या पुरुषाला 'असा कशाला आलास' हा प्रश्न न विचारता अडवणाऱ्यांची गचांडी धरावी. दूरदर्शन वाहिन्यांनी साडी नेसलेला पुरुष दिसला की हशा वाजवण्याचा धंदा बंद करावा. पादत्राणांच्या व्यापाऱ्यांनी टाचांच्या जोडांची मापे सात-आठाला थांबवू नयेत. रुंद पंज्याचे, अकरा मापापर्यंतचे जोड करावेत, ग्राहक चोरपावलांनी येण्याची वाट पाहू नये. आणि ज्या घरातला तरुण मुलगा मान खाली घालून असा जोड मागत असेल, त्या घरच्या बापाने त्याच्याबरोबर भरदिवसा दुकानात जावे, आणि मुलाच्या मापाचा जोड मिळेपर्यंत तिथून हलू नये.