बढती घेते, पण गाव आधी सांगा

मा. सचिव,
वित्तीय सेवा विभाग, अर्थ मंत्रालय,
जीवनदीप, संसद मार्ग, नवी दिल्ली.

महोदय,

सदतीस वर्षं एका सरकारी बँकेत काढून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. नोकरीत असते तर हे पत्र असं उघडपणे लिहिता आलं नसतं. आधी परवानगी मागावी लागली असती, आणि परवानगी मागणाऱ्या बाईकडे आमच्या विभागीय कार्यालयात कसं बघतात ते मला ठाऊक आहे. आता पेन्शन सुरू आहे, तेव्हा लिहिते.

विषय बढतीचा. बायका बढती घेत नाहीत, ही तक्रार मी वरच्या साहेबांच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल! क्लार्कची ऑफिसर व्हायची वेळ आली की बाई मागे सरते, ऑफिसरांच्या दुसऱ्या पायरीला, स्केल टूला, आली की तिथेच बूड टेकते. पुरावा म्हणून साहेब फाइल उघडतात. फाइलमध्ये तिचंच पत्र असतं, तिच्याच सहीचं: घरगुती कारणांमुळे बढती स्वीकारण्यास असमर्थ आहे.

अशी दोन पत्रं माझीही आहेत. एक १९९६चं, एक २००१चं. ‘घरगुती कारणं’ असं मी लिहिलं, कारण सगळ्याजणी तेच लिहायच्या आणि त्यावर कुणी उलट प्रश्न विचारत नसे. खरं कारण बढतीच्या पत्रातच होतं. आपली निवड झाली आहे, आठ दिवसांत होकार कळवा, नेमणुकीचं ठिकाण मागाहून कळवण्यात येईल.

या ‘मागाहून’वर किती संसारांत रात्र रात्र बोलणी झाली असतील, देव जाणे. पहिल्या पत्राच्या वेळी मी कऱ्हाडला होते. मुलगी तीन वर्षांची, सासूबाईंना अर्धांगवायू झालेला, नवरा साखर कारखान्यात पाळीवर. ठिकाण इस्लामपूर असतं तर मी त्याच दिवशी सही केली असती. सोलापूर असतं तर सासूबाईंना नणंदेकडे ठेवायचं का, मुलीला बरोबर न्यायचं का, यावर चार दिवस खल झाला असता आणि बहुधा मार्ग निघाला असता. भुवनेश्वर असतं तर नाही म्हटलं असतं, आणि मनाला लागलंही नसतं. पण यातलं काहीच ठरवता येईना. अधिकाऱ्याची बदली देशात कुठेही होऊ शकते, हा १९७९च्या सेवा विनियमांतला नियम तेवढा समोर होता. अख्ख्या देशाच्या नकाशावर बोट ठेवून आठ दिवसांत कोण काय ठरवणार?

माझ्याच दिवशी रुजू झालेल्या एका सहकाऱ्याने मात्र लगेच होकार दिला. लोक म्हणाले, धाडसी आहे. असेलही. पण तो कुठेही गेला तरी त्याचं घर सांभाळायला त्याची बायको होती. माझ्या घरी ती बायको मीच होते.

नकार दिला की आमच्या बँकेत पुढची काही वर्षं परीक्षेलाच बसता येत नसे. शेवटी २००७ साली, मुलगी चौदाची झाल्यावर, बेचाळिसाव्या वर्षी मी ऑफिसर झाले. तो सहकारी पाचव्या स्केलला निवृत्त झाला, मी तिसऱ्या. त्याच्याबद्दल मनात आकस नाही, दिवाळीत आमचं जाणंयेणं अजून आहे. हिशेब तेवढा सांगितला.

नेमणूक मिळाली जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यातल्या एका गावी. शाखेत संडास होता, पण त्यात जुनी लेजरं रचून ठेवलेली. पहिले पंधरा दिवस मी शेजारच्या शिक्षिकेच्या घरी जात होते. खोली मिळेना. जिथे जावं तिथे घरमालक विचारी, “साहेब कधी येणार?” साहेब मीच आहे हे पटायला त्यांना वेळ लागला. आणि स्ट्राँगरूमच्या किल्ल्या! एक जुडगा माझ्याकडे, एक कॅशियरकडे. माझा जुडगा घ्यायला दुसरा माणूस आल्याशिवाय गाव सोडायची सोय नाही. तेव्हा शनिवारी अर्धा दिवस बँक असायची. दुपारी निघून कऱ्हाड गाठायचं आणि सोमवारी दहाला परत खुर्चीत बसायचं, हे होण्यातलं नव्हतं. महिन्यातून एकदा घर दिसलं तर नशीब.

पण नोकरीतली सगळ्यांत चांगली वर्षं मला विचाराल तर हीच तीन. आधी काउंटरच्या अलीकडेच घुटमळणाऱ्या बचत गटांच्या बायका थेट माझ्या टेबलाशी येऊन बसायला लागल्या. गटांना कर्ज द्यायला माझ्या आधीचे मॅनेजर कचरत. मी दिलं, आणि ते फिटलं. पीककर्जाच्या दिवसांत सकाळी नऊपासून ओटीवर माणसं बसलेली असत, सात-बाराचे उतारे हातात धरून. शाखा चालवणं हे काम आपल्याला येतं, हे मला तिथे कळलं. ते अकरा वर्षं आधी कळलं असतं, एवढीच माझी चुटपुट.

पुढे मी विभागीय कार्यालयात आले आणि आम्ही चौघी-पाचजणींनी एक वही घातली. साधी दोनशे पानी वही, रेक्झिनच्या पुठ्ठ्याची. एका पानावर एक शाखा. गावात भाड्याने घर मिळतं का, कोण देतं, एकट्या बाईला देतं का. शाळा कितवीपर्यंत. तालुक्याहून शेवटची एसटी किती वाजता. दवाखाना किती लांब. शाखेत संडास आहे का, आणि असला तर त्यात लेजरं तर नाहीत ना. जी बाई जिथे राहून आली ती आपलं पान भरायची. पहिली वही भरली तशी दुसरी घातली, पुढे व्हॉट्सॲपचा ग्रुपही झाला, पण पानं वहीतच राहिली. त्या पानांवरून ज्यांनी आधी दोन-दोनदा नकार दिला होता अशा काहीजणींनी होकार दिला. त्यांची घरं तीच होती, सासवा त्याच होत्या. फक्त गाव कसं असेल याचा अंदाज आला होता. एकीने तर गावाचं पान वाचून नवऱ्यालाच म्हटलं, “मुलं तू बघ, दोन वर्षांचा प्रश्न आहे.” आणि त्याने बघितली.

आणखी एक गोष्ट आम्हाला शिकावी लागली, आणि तिच्यासाठी मी तुमच्या विभागाला दोष देणार नाही. वर्षाच्या शेवटी अप्रेझलच्या फॉर्मवर स्वतःच्या कामाबद्दल लिहायचा रकाना असतो. बायका तिथे काय लिहायच्या? ‘सोपवलेलं काम वेळेत पूर्ण केलं.’ एका ओळीत वर्ष आटोपलं. ठेवी किती आणल्या, थकीत खात्यांतून किती वसूल केले, ऑडिटचे किती शेरे मिटवले, सगळं हिच्या डोक्यात पाठ; पण कागदावर यायला तयार नाही. आपलंच आपण काय सांगायचं, या संस्कारात वाढलेल्या आम्ही. मग मार्चमध्ये एकमेकींचे फॉर्म आम्ही एकत्र बसून लिहायला लागलो. एकीने सांगायचं, दुसरीने आकड्यांत उतरवायचं. जेएआयआयबी, सीएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षांचा अभ्यासही असाच, सकाळच्या एसटीत. कंडक्टरला आमचे ‘निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट’ पाठ झाले होते.

आता तुमच्या पत्रांबद्दल. २०१४ साली तुमच्या विभागाने बँकांना कळवलं की विवाहित बायकांना शक्यतो पतीच्या गावाजवळ आणि अविवाहितांना आईवडिलांजवळ ठेवावं. नोव्हेंबर २०२४मध्ये पुन्हा कळवलं की बदल्यांचं काम ऑनलाइन आणि पारदर्शक असावं, बायकांना जवळची ठिकाणं द्यावीत. हेतू चांगला, आणि कित्येकींना त्याचा उपयोगही झाला. पण शाखेच्या पातळीवर त्याचा अर्थ काय झाला, ते सांगते. जवळच राहायचं ना मॅडम, मग बढती कशाला मागता? सवलत घेतलेल्या बाईला हे तोंडावर ऐकवलं जातं. ज्या कागदाने तिला घराजवळ ठेवलं, त्याच कागदाने तिला टेबलाशीही बांधून ठेवलं. शिवाय नवऱ्याचं गाव हेच तिचं कायमचं ठिकाण, हे कुणी ठरवलं?

८ मार्चला गुलाबाचं फूल देऊन आम्हाला तीन नावं ऐकवतात. अलाहाबाद बँकेच्या शुभलक्ष्मी पानसे, बँक ऑफ इंडियाच्या विजयालक्ष्मी अय्यर, स्टेट बँकेच्या अरुंधती भट्टाचार्य. २०१२-१३च्या सुमारास या तिघी वर्षभरात सर्वोच्च खुर्चीवर पोचल्या, आणि त्यांतल्या पानसेबाई तर पुण्याच्या, बँक ऑफ महाराष्ट्रमधून निघालेल्या. अभिमान आम्हाला आहेच. पण मुलीच्या शाळेच्या प्रश्नावरून आपणही एकदा नोकरी सोडायला निघालो होतो, हे भट्टाचार्यबाईंनी जाहीरपणे सांगितलं आहे. स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्षाची ही गोष्ट. ज्या तिथपर्यंत पोचल्याच नाहीत त्यांच्या गोष्टी ‘घरगुती कारणं’ या दोन शब्दांखाली फाइलबंद आहेत.

मला सवलत नको आहे, महोदय, यादी हवी आहे. बढतीचा निकाल लावण्याआधी त्या बढतीसाठीच्या रिकाम्या जागा गावासकट जाहीर करा आणि गुणानुक्रमे ज्याला त्याला निवडू द्या. अवघड आहे म्हणू नका. आमच्या महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या गेली काही वर्षं अशाच होतात. शाळांतल्या रिकाम्या जागा संगणकावर दिसतात, शिक्षक पसंतीक्रम भरतात. भांडणं तिथेही होतात, कोर्टकज्जे होतात. पण आपण कशाला हो म्हणतोय हे मास्तरला माहीत असतं. बारा सरकारी बँकांकडे कुठल्या शाखेत कुठली खुर्ची रिकामी आहे याची माहिती रोज संध्याकाळी तयार असते. ती फक्त आमच्यापर्यंत येत नाही.

ग्रामीण नेमणूक किती वर्षांची, ते लेखी द्या. तीन म्हणजे तीन. ‘बघू’ या शब्दावर मूल दुसऱ्याच्या घरी ठेवता येत नाही. आणि ज्याला या वर्षी जमत नाही त्याला यादीतला आपला क्रमांक राखून वर्ष-दोन वर्षं थांबू द्या, परीक्षेतून बाद करू नका. ‘त्याला’ म्हटलं ते मुद्दाम. आईचं आजारपण काढणारे मुलगेही बँकेत आहेत, आणि तेही खोटंच ‘घरगुती कारणं’ लिहितात.

पाळणाघराचंही बोलते, पटकन. २०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं केलं. आमच्या शाखेत माणसं नऊ. कायदा शाखेच्या पायरीवरच उभा राहतो. एका तालुक्यातल्या चार बँकांनी मिळून एक खोली भाड्याने घ्यायला काय लागतं?

वहीचं सांगायचं राहिलं. ती सध्या माझ्याकडेच आहे, तीन भागांत. विदर्भातली पानं थोडी आहेत, कोकणातली जुनी झालीत, रत्नागिरीकडची एसटीची वेळ आता खरी धरू नये. तुमच्या विभागाला पाठवायची माझी तयारी आहे. झेरॉक्सचा खर्च मी करते, टपालाचा तुम्ही करा.

कळावे,
एक निवृत्त वरिष्ठ व्यवस्थापक, कऱ्हाड