पंचनाम्यापूर्वीचे चार दिवस

फाल्गुन सरून चैत्र लागण्याच्या सुमारास, होळीची राख थंड होते न होते तोच आणि गुढीपाडव्याच्या पंचांगश्रवणात नव्या संवत्सराचे पर्जन्यमान अद्याप वाचले जावयाचे असतानाच, वेधशाळेकडून पुढील आठवड्याच्या हवामानाचे जे पत्रक प्रसृत होते, त्यातील मजकूर गेल्या कित्येक वर्षांत वाचकांच्या अंगवळणी पडला आहे. विदर्भात व मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, सोसाट्याचा वारा, एखाद-दुसऱ्या जिल्ह्यात गारपिटीची शक्यता. मध्य महाराष्ट्रात दुपारनंतर ढगाळ आकाश. कोकण व गोव्यात उष्ण आणि दमट हवा. आणि ढग ओसरल्यावर कमाल तापमानात पुन्हा दोन-तीन अंशांची वाढ. हा मजकूर वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर छापला जातो, आकाशवाणीवर वाचला जातो आणि जिल्हाधिकारी कार्यालयातून तहसिलीकडे ‘माहितीस्तव’ रवाना होतो. आमच्या मते, वसंतातील त्या आठवड्यात सरकारच्या दप्तरातून बाहेर पडणाऱ्या कागदांत याच्याइतका निकडीचा दुसरा कागद नसतो, आणि याच्याइतक्या थंडपणाने हाताळला जाणाराही दुसरा नसतो.

या पत्रकामागील निसर्गव्यवहार आता गूढ राहिलेला नाही. मार्च-एप्रिलमध्ये दख्खनचे पठार तापू लागते, वायव्येकडून कोरडी हवा उतरते, बंगालच्या उपसागराकडून बाष्पाने जड झालेले वारे आग्नेयेकडून आत शिरतात, आणि हे दोन प्रवाह विदर्भापासून मराठवाडा व कर्नाटकमार्गे थेट दक्षिणेपर्यंत गेलेल्या एका रेषेवर परस्परांस भिडतात. त्याच वेळी उत्तर हिंदुस्थानावरून एखादा पश्चिमी विक्षोभ सरकत असेल आणि त्याने वरच्या थरांत थंड हवा आणली असेल, तर सकाळी निरभ्र असलेल्या आकाशात तिसऱ्या प्रहरी बारा-पंधरा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. या दिवसांत सुमारे चार किलोमीटरच्या वर हवेचे तापमान शून्याखाली असते. तेथवर चढलेले जलबिंदू गोठणबिंदूखालीही काही काळ द्रवरूपच राहतात, बर्फाच्या कणास स्पर्श होताच त्यावर थरावर थर गोठतात, आणि वर चढणाऱ्या झोताला तो भार पेलेनासा झाला की गार खाली येते. आपल्या प्रस्तुत विषयास या शास्त्रातून मिळणारी गोष्ट एवढीच की, अशी परिस्थिती कोणत्या प्रदेशात व कोणत्या दिवसांत जुळून येणार आहे, हे चार-पाच दिवस अगोदर पुरेशा भरवशाने सांगता येते. मात्र ढग नेमका कोणत्या शिवारावर फुटणार, हे रडारच्या साहाय्याने दोन-तीन तास आधीच कळू शकते. पहिले ज्ञान तयारीसाठी आहे, दुसरे आश्रयासाठी. या दोहोंपैकी पहिल्याचा उपयोग आपले शासन जवळजवळ करीतच नाही.

त्या आठवड्यात शेतात काय उघडे पडलेले असते, हे पीकपेऱ्याच्या तक्त्यावरून कळणारे नाही. त्यासाठी बांधावर जावे लागते. कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या तालुक्यांत, तेव्हा उन्हाळ कांद्याची काढणी चाललेली असते. उपटलेला कांदा लगेच चाळीत जात नाही. एका ओळीचे कांदे दुसऱ्या ओळीच्या पातीने झाकले जातील अशा रीतीने तो तीन-चार दिवस वाफ्यातच पसरून ठेवतात; पातीतील ओल उतरते, मान आवळली जाते, मग इंच-दीड इंच मान राखून पात कापली म्हणजे तोच कांदा चाळीत पुढे कित्येक महिने टिकतो. या तीन-चार दिवसांत त्यावर पाऊस पडला, तर त्या दिवशी कांद्याचे फारसे काही बिघडलेले दिसत नाही. बिघाड दिसतो तो मानेतून शिरलेले पाणी चाळीत आपले काम करू लागल्यावर, ज्येष्ठ-आषाढात. आणि तोवर पंचनाम्याची मुदत संपलेली असते, पंचांची आठवणही पुसट झालेली असते. ज्या शेतकऱ्याला सोमवारी कळले की गुरुवारी पाऊस आहे, तो बुधवारची उपटणी पुढे ढकलू शकतो. बियाणे, खत, वीज, मजुरी हे सारे खर्च करून झाल्यावर, केवळ एका वेळेवर पोचलेल्या निरोपाने वाचणारा असा माल आपल्या शेतीत दुसरा क्वचितच असेल.

वसमतकडे त्याच सुमारास हळद शिजवून अंगणात, खळ्यावर, मोकळ्या पडीत वाळत घातलेली असते. हळकुंड मोडल्यावर कट्ट असा आवाज येईपर्यंत ते वाळावे लागते, आणि मध्येच भिजले तर रंग उतरतो, बुरशी धरते, व बाजारात त्याची किंमत एका दमात खाली येते. तासगावकडे जाळ्यांवर बेदाणा सुकत असतो. एका रात्रीच्या ओलसर हवेने त्याचा सोनेरी वर्ण काळपटतो. सोलापूर-बीडकडे ज्वारीची कणसे खुडून ढीग घातलेले असतात, कडबा बांधून व्हावयाचा असतो, आणि कडबा काळा पडला म्हणजे माणसाच्या भाकरीबरोबर जनावराची वैरणही गेली. वरुड-मोर्शीत संत्र्याच्या आंबिया बहराची फळे इतकी लहान असतात की गारेच्या एका माऱ्याने झाडाखाली त्यांचा सडा पडतो. कोकणात गारेचे भय नाही, पण ऐन सुपारीएवढ्या कैरीवर उष्म्याची लाट आली की फळगळ आवरत नाही, आणि पुढे तयार होणाऱ्या हापुसात साका धरण्याची धास्ती बागायतदारास शेवटपर्यंत सोडत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना यापैकी कशाचेही वर्णन करून सांगण्याची गरज नाही. विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्र या तिन्ही विभागांत तेव्हा हाती आलेली रब्बी मातीस मिळाली.

हवामानाचे ज्ञान शेतापर्यंत नेण्याची कल्पना या प्रांतास नवी नाही. हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून १९२८ साली पुण्यास आले, म्हणूनच शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीस पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. त्याच पुण्यात १९३२ साली कृषिहवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, आणि १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानाची वार्तापत्रे जाऊ लागली. स्वातंत्र्य मिळण्यापूर्वी, गावात क्वचित एखादा रेडिओ असण्याच्या काळात, त्या मंडळींनी ओळखले होते की अंदाज वर्तविणे हे अर्धेच काम आहे. आज पुण्याच्याच उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत सिद्ध झालेली प्रणाली सहा किलोमीटरच्या चौकटीत देशाचा अंदाज मांडते, विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ आणि पीकसल्ला देणारे ‘मेघदूत’ हे अनुप्रयोग कोणाच्याही भ्रमणध्वनीत मोफत उतरविता येतात, आणि महसूल मंडळांतून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे पाऊस, वारा, आर्द्रता यांची नोंद करीत उभी आहेत. साधनांची उणीव आहे असे कोणास म्हणता येणार नाही.

उणीव आहे ती अंदाज आणि शिवार यांच्या मधल्या माणसाची. कृषी विज्ञान केंद्रांतून जिल्हावार कृषिहवामान कक्ष उघडण्यात आले होते. तालुक्याचा अंदाज घ्यावा, त्या दिवशी तेथे कोणते पीक कोणत्या अवस्थेत आहे ते पाहावे, आणि ‘गुरुवारपर्यंत हळद झाकून ठेवा, फवारणी रविवारनंतर करा’ अशा उपयोगी शब्दांत ते आठवड्यातून दोनदा शेतकऱ्यास कळवावे, हे त्यांचे काम होते. हे कक्ष २०२४ साली बंद करण्यात आले. खर्चाच्या हिशेबात ही बाब क्षुल्लक असेल; पण जेथे अंदाजाचे रूपांतर निर्णयात होत होते, नेमकी तीच जागा रिकामी झाली, आणि ती केंद्राने भरून न दिल्यास राज्याने आपल्या तिजोरीतून भरावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट महसुली व्यवस्थेची. तिची सारी रचना आपत्तीनंतरच्या कारवाईसाठी बेतलेली आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, ३३ टक्क्यांहून अधिक हानी म्हणजे भरपाईस पात्र, आणि मग महसूल, कृषी व ग्रामविकास या तिन्ही खात्यांच्या कर्मचाऱ्यांनी संयुक्त पंचनामा करावयाचा. गारेला हे मोजमाप लागू पडत नाही. दहा मिलिमीटर पावसातली गार बाग झोडपून जाते, आणि पर्जन्यमापकात पाहिले तर सांगण्यासारखे काही नसते. पंचनाम्याचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही, कारण उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबाला तोच एक सरकारी आधार असतो. परंतु झालेल्या नुकसानीसाठी ज्या तत्परतेने हुकूम सुटतात, मंत्र्यांचे दौरे होतात, मुदती ठरतात, त्याच्या दशांशानेही हालचाल इशारा आल्याच्या दिवशी होत नाही, याचे वैषम्य वाटल्याखेरीज राहत नाही.

काय करावे, हे सांगणे कठीण नाही. नारिंगी किंवा लाल इशारा आला, की तो तहसीलदारावर बंधनकारक असा आदेश समजला जावा. पूर्वी कोतवालाने दवंडी पिटावी तशी, त्याच संध्याकाळी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरून तो गावाच्या बोलीत ऐकविला जावा; ज्यांच्या हाती नवे यंत्र नाही, अशी वृद्ध माणसे, मेंढपाळ, रानात वस्ती करून राहणारे सालदार यांच्यापर्यंत दुसऱ्या कोणत्याही मार्गाने तो पोचत नाही, आणि वीज पडून प्राण जातात ते बहुधा त्यांचेच. विकास सोसायट्यांकडे ताडपत्र्यांचा साठा असावा, व तो अशा दिवसांत नाममात्र भाड्याने मिळावा. बाजार समित्यांच्या बाबतीत तर आम्हांस अधिक कठोर शब्द वापरावे लागतात. शेड शेतकऱ्यांच्या मालासाठी बांधलेल्या असताना त्यांत व्यापाऱ्यांनी खरेदी केलेल्या पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या आणि विकावयास आलेले धान्य उघड्या ओट्यावर भिजत असलेले, हे दृश्य दर वसंतात कोठे ना कोठे दिसते. इशाऱ्याच्या दिवसांत शेड रिकाम्या करवून घेणे, लिलाव सकाळच्या प्रहरी उरकणे, आणि तरीही माल भिजला तर त्याची जबाबदारी समितीवर निश्चित करणे, एवढी तजवीज कायद्याने व्हावयास हवी.

उष्म्याच्या इशाऱ्यालाही हाच न्याय लावावयास हवा. मैदानी प्रदेशात पारा चाळीस अंशांवर व सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक चढला तर उष्णतेची लाट समजतात. किनाऱ्यावर ही मर्यादा सदतीस अंशांची आहे, कारण दमट हवेत घाम सुकत नाही आणि देह निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर, दुपारपर्यंत चाललेल्या सरकारी समारंभात उष्माघाताने माणसे दगावली, ती अंदाजाच्या अभावी नव्हे. रोजगार हमीची कामे, शाळांच्या परीक्षा, चैत्रातील जत्रा, प्रचाराच्या सभा यांच्या वेळा त्या आठवड्याच्या पत्रकाकडे पाहून ठरविण्याची रीत पडली पाहिजे, आणि ती प्रथम सरकारी कार्यक्रमांनी पाळली पाहिजे.

अंदाज चुकतात, मग त्यासाठी एवढा खटाटोप का, असे म्हणणारे लोक आहेत, व त्यांची शंका अप्रामाणिक नाही. वेधशाळा जेव्हा तुरळक ठिकाणी पाऊस सांगते, तेव्हा तिच्या हिशेबात त्या विभागातील फार तर पाव हिश्श्याची केंद्रे भिजावयाची असतात. उरलेल्या तीन हिश्श्यांतील शेतकऱ्यास मात्र तो अंदाज खोटा ठरल्यासारखा वाटतो, आणि असे दोन-तीनदा झाले की चौथ्या खेपेस तो ताडपत्री काढीत नाही. यावर उपाय अंदाज देण्याचे थांबविणे हा नाही. आपल्या तालुक्यात शक्यता किती आहे, झाकण्यास लागणारे श्रम किती आणि न झाकल्यास जाणारा माल किती, हा हिशेब शेतकरी स्वतः उत्तम करतो. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या पहाटे भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत ऐकावयास जाणारा माणूसही घरी परतल्यावर आपल्या विहिरीचे पाणी पाहूनच पेरा ठरवितो. त्याला शक्यता सांगावी, आणि झालेल्या चुकीची कबुलीही त्याच ध्वनिक्षेपकावरून द्यावी. विश्वास तेवढ्याने टिकतो.

लवकरच जिल्ह्याजिल्ह्यांत खरीप हंगामाच्या आढावा बैठका भरतील. बियाणे, खते, पीककर्ज यांच्या आकड्यांत त्या नेहमीप्रमाणे संपतील. तत्पूर्वी शासनाने एक छोटा बदल करावा अशी आमची मागणी आहे. पीकहानीच्या पंचनाम्याच्या नमुन्यात, शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक आणि बाधित क्षेत्र यांच्या खाली तीन रकाने वाढवावेत: या गावास इशारा कोणत्या दिवशी मिळाला, तो गावकऱ्यांस कोणी व कोणत्या वेळी सांगितला, आणि ताडपत्री किंवा निवारा मागितला असता मिळाला की नाही. हे रकाने भरताना शेतकऱ्याची सही घ्यावी, आणि भरलेले नमुने भरपाईच्या प्रस्तावासोबत विभागीय आयुक्तांपुढे ठेवावेत.