आधी वाचा, मग एंटर दाबा!

हॉस्टेलच्या सर्व्हरला आम्ही १ टीबीच्या चार डिस्कचा रेड-५ अ‍ॅरे जोडला. एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला गेली तरी ३ टीबी मिळायला हवी. पण पार्टिशन २.२ टीबीच्या पुढे जाईना. सगळ्यांचा एकच सूर, "कंट्रोलर गंडलाय!" खरं कारण साधं होतं. एमबीआर लेबलमध्ये सेक्टरचा पत्ता ३२ बिटांचा, सेक्टर ५१२ बाइटचा. करा गुणाकार!

जीपीटी लेबल द्यायचं ठरलं. घाईत मी सगळ्यांच्या प्रोजेक्टची जुनी डिस्कच निवडली. एंटर दाबणार, तेवढ्यात ज्युनियर ओरडला, "सर, साइझ बघा!" वाचलो.

मित्रांनो, एरर वाचायला लाज कसली? आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे, बरं का!