मुदत दिली, भाकरीचे काय?

सुरतेत १९९४ च्या सप्टेंबरात प्लेग उद्भवला आणि लक्षावधी लोक शहर सोडून गेले. घनश्याम शहा यांनी त्या आपत्तीचा केलेला अभ्यास ग्रंथरूपाने आला तो १९९७ साली. साथ काही आठवड्यांत ओसरते. तिचे ज्ञान हाती यावयास वर्षे लागतात. एवढी साधी गोष्ट अनुदान वाटणाऱ्यांस उमगू नये काय?

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी आली. आर्थिक वर्ष संपावयास अवघा आठवडा उरला होता. प्रयोगशाळा, ग्रंथालये, क्षेत्रपाहणी, सारेच थांबले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.चे प्रबंध सादर करण्याची मुदत वाढविली, हे योग्यच झाले. परंतु डिसेंबर २०२० मध्ये पुन्हा मुदत वाढविताना अधिछात्रवृत्तीची मर्यादा मात्र पाच वर्षांचीच ठेवली. म्हणजे काम करा, पोटाचे विचारू नका! धनिकाचा पुत्र हे सोसील. यंत्रमाग कामगाराच्या मुलीने काय करावे?

पैसा जनतेचा आहे. हिशेब चोख हवाच. पण आमची मागणी स्पष्ट आहे. साथीत बुडालेले महिने मुदतीत आणि अधिछात्रवृत्तीत, दोहोंत भरून द्यावेत. अखर्चित अनुदान पुढील वर्षी वापरू द्यावे. आणि हा नियम पुढची साथ दाराशी येण्यापूर्वीच लिहून ठेवावा!