आधी लाईट घालवून बघा

फिश टँकला संप (खाली ठेवलेली फिल्टरची टाकी) जोडणाऱ्याला पहिली चिंता असते ती वरून उतरणारं आणि खालून चढणारं पाणी सारखं कसं करायचं याची. त्यासाठी दोन्ही पाइपांवर वॉल्व्ह बसवून ते पिळत बसू नका. ते काम पाणी आपलं आपण करतं. पंप जेवढं वर चढवतो तेवढंच ओव्हरफ्लोच्या कडेवरून खाली पडतं, कारण पातळी कडेखाली गेली की पडणं थांबतं. तुम्ही फक्त उतरणारा पाइप पंपाला पुरून उरेल एवढा मोठा घ्या. प्रवाह कमी करायचा असेल तर वॉल्व्ह चढत्या पाइपावर हवा. पाणी उतरवायला दुसरा पंप मात्र कधीच लावू नका. दोन पंप तंतोतंत सारखे चालत नाहीत. तासाला १० लिटरचा फरक असला तरी आठ तासांच्या झोपेत ८० लिटर इकडचं तिकडे होतं.

उतरत्या पाइपात हवा शिरून गुडगुड होते, ती थांबवायला बरेच जण तिथला वॉल्व्ह आवळतात. आवळा, पण शेजारी दुसरा पाइप असेल तरच. त्याचं तोंड नेहमीच्या पातळीच्या थोडं वर ठेवा, त्यावर वॉल्व्ह नको, आणि एरवी तो कोरडा राहू द्या. पहिल्यात पान किंवा गोगलगाय अडकली की हाच पाइप तुमची फरशी वाचवतो. आणि दोन्ही तुंबले तरी नुकसान होऊ नये म्हणून संपमधल्या पंपाच्या कप्प्यात पाणी इतकंच असावं, की ते सगळं वर गेलं तरी टँक काठाच्या आत राहील.

खरी परीक्षा लाईट गेल्यावर होते. पंप थांबतो, आणि चढत्या, म्हणजे रिटर्न पाइपाचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर तोच पाइप सायफन होऊन टँकमधलं पाणी खाली ओढू लागतो. तोंड उघडं पडेपर्यंत हे थांबत नाही. १२० बाय ४५ सेंटीमीटरच्या टँकमध्ये एक सेंटीमीटर पाणी म्हणजे ५.४ लिटर. तोंड १० सेंटीमीटर खोल असेल तर ५४ लिटर खाली येणार. तुमच्या संपमध्ये तेवढी जागा रिकामी आहे का? नसेल तर तोंड वर घ्या आणि पातळीच्या जेमतेम खाली पाइपाला बारीक भोक पाडा. पातळी भोकाखाली गेली की हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. भोक शेवाळाने बुजतं, तेव्हा अधूनमधून काडी घालून मोकळं करत जा. नॉन-रिटर्न वॉल्व्हवर विसंबू नका. त्यात शेवाळाचा तुकडा अडकला तरी तो नीट मिटत नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, मासे सोडण्याआधी, आणि सोडून झाले असतील तर आजच, मेन स्विच बंद करा आणि संपसमोर उभे राहा. पाणी चढायचं थांबलं की काच किती उरली ते बघा. बोटभरच उरली असेल तर थोडं पाणी काढून पुन्हा तपासा. मग पंप चालू करा, पातळी स्थिरावू द्या, आणि पंपाच्या कप्प्यावर मार्करने रेघ मारा. उन्हाळ्यात पाणी उडून जातं ते याच कप्प्यात दिसतं, वरचा टँक भरलेलाच राहतो. रोज रेघेपर्यंत भरा, वर नाही. समुद्री टँक असेल तर भर साध्या आरओच्या पाण्याचीच घाला. मीठ उडून जात नाही, आतच राहतं.

लोडशेडिंगच्या गावात इन्व्हर्टरवर रिटर्न पंप चालवायचा हट्ट नको. त्याऐवजी त्यावर छोटा एअर पंप लावून त्याचा दगड वरच्या टँकमध्ये सोडा. लाईट जाते तेव्हा माशांना सगळ्यात आधी हवेची गरज पडते.